घाटाच्या गाड्या

लान्सिया स्ट्रॅटोसच्या दाराला आतून एक खोल खण आहे. एवढा खोल, की त्यात हेल्मेट मावतं. चालकाच्या दाराला एक, शेजारी बसणाऱ्या सहचालकाच्या दाराला एक. आपल्या गाडीच्या दारात पाण्याची बाटली असते, काच पुसायचं फडकं असतं, टोलच्या जुन्या पावत्या असतात. ही गाडी कशासाठी जन्माला आली हे सांगायला तो एक खण पुरतो. तिला बाजारहाट करायचा नव्हता की पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला जायचं नव्हतं. तिला रॅली जिंकायची होती. आणि १९७४, १९७५, १९७६ अशी लागोपाठ तीन वर्षं तिने जगाचं विजेतेपद तुरिनला आणलं.

मी ती पाहिली तुरिनमध्येच, मिराफियोरीला. फियाटचा हा अवाढव्य कारखाना १९३९ साली उघडला. त्यातली ८१ क्रमांकाची जुनी कार्यशाळा २०१९ पासून संग्रहालय झाली आहे, हेरिटेज हब नावाचं. पंधरा हजार चौरस मीटरची जागा, लोखंडी खांब, वरून येणारा स्वच्छ उजेड, आणि फियाट, लान्सिया, अबार्थ या घराण्यांच्या अडीचशेवर गाड्या. माझी भाची नोकरीनिमित्त तिकडे असते. तिने आधीच नावं नोंदवून ठेवली होती, कारण आत फिरायचं ते माहितगाराच्या सोबतीनेच. रॅलीच्या गाड्यांचा एक स्वतंत्र विभाग तिथे आहे. मी तिथे पोचलो आणि मग पुढे जायला माझा पाय निघेना.

"मामा, बाकीच्या गाड्या पाहायच्या सोडून तू इथेच काय थांबलास?" भाचीने विचारलं.

तिला मी तिथल्या तिथे जे सांगितलं ते थोडं होतं. इथे सगळं सांगतो.

मी भोरचा. आमच्या गावातून कुठल्याही दिशेला निघा, घाट लागतो. महाडला जायचं तर वरंध घाट. वाईला जायचं तर मांढरदेवीवरून आंबाडखिंड. वेल्ह्याहून पानशेतच्या बाजूला उतरायचं तर पाबे घाट. केळदच्या पुढे मढे घाटाशी तर सह्याद्रीचा कडाच संपतो आणि खाली कोकण दिसतं. अशा मुलखात वाढलेल्या माणसाला शर्यतीच्या गोल मैदानात फिरणाऱ्या गाड्यांचं अप्रूप वाटतं, पण आपलेपणा वाटत नाही. तिथे तेच वळण पुन्हा पुन्हा येतं आणि चालकाला ते पाठ होतं. रॅलीत तसं नसतं. एकेक गाडी ठरावीक अंतराने एकटी सुटते. रस्ता एरवी गावकऱ्यांच्या वापरातलाच, फक्त तेवढ्यापुरता बंद केलेला. कधी डांबर, कधी खडी, कधी बर्फ. पुढे प्रतिस्पर्धी दिसत नाही, दिसतो तो रस्ता. स्पर्धा घड्याळाशी आणि त्या डोंगराशी. शेजारी बसलेला सहचालक आधी पाहून लिहून ठेवलेली वळणं मोठ्याने वाचत असतो: पुढे डावं, मग उजवं, ते आत आवळत जातं, पलीकडे उतार. चालक डोळ्यांपेक्षा त्या आवाजावर जास्त भरवसा ठेवतो.

वरंध घाटात एसटी समोरासमोर आल्या की कंडक्टर खाली उतरून मागे उभा राहतो आणि शिट्टीवर गाडी मागे घेतो. दरीकडचं चाक किती बाहेर आहे हे ड्रायव्हरला दिसत नाही. त्याला फक्त शिट्टी ऐकू येते. मागे चाळीस-पन्नास जीव बसलेले असतात. त्या दोघांमधला विश्वास ज्याने पाहिला आहे त्याला रॅलीतलं सहचालकाचं स्थान वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

फ्रान्सच्या नीस शहरामागच्या डोंगरात कोल द तुरिनी नावाची १६०७ मीटर उंचीवरची खिंड आहे. माँटे कार्लो रॅलीची रात्रीची चढाई तिथे गाजायची. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, सावलीतल्या वळणावर बर्फ गोठलेला. १९७२ साली सांद्रो मुनारी या इटालियन चालकाने ही रॅली जिंकली ती लान्सिया फुल्व्हियाने. ही १६०० सीसीची, पुढच्या चाकांवर ओढणारी लहानशी गाडी. पोर्श आणि आल्पिन या तगड्या गाड्या समोर असताना ती पुढे राहिली. त्यानंतर स्ट्रॅटोस घेऊन मुनारी १९७५ ते १९७७ अशी तीन वर्षं तिथे जिंकला. स्ट्रॅटोसचा आकार बेर्तोनेच्या मार्चेल्लो गांदिनीने काढलेला, इंजिन फेरारीचं, व्ही आकाराचं, सहा सिलिंडरचं. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर जेमतेम २१८० मिलिमीटर. इतकी आखूड गाडी सरळ रस्त्यावर बावरते, पण वळणावर ती जागच्या जागी वळते. घाटासाठी घडवलेली गाडी घाटातच शोभते, हे तिच्याकडे बाजूने पाहिलं की पटतं.

तिच्या रांगेतच फियाट १३१ अबार्थ उभी होती. या गाडीचं पाळण्यातलं नावच मिराफियोरी. चौकोनी, साधी, बँकेतल्या माणसाने हप्त्यावर घ्यावी अशी घरगुती गाडी. तिलाच रुंद चाकं आणि जास्त ताकदीचं इंजिन देऊन रॅलीत उतरवलं, आणि १९७७, १९७८, १९८० अशी तीन विजेतेपदं तिने मिळवली. पुढे लान्सिया ०३७. समोर ऑडीची चारही चाकांनी रेटणारी क्वात्रो असताना, नुसत्या मागच्या दोन चाकांच्या जोरावर तिने १९८३ चं विजेतेपद घेतलं. दोन चाकांच्या ताकदीवर असं विजेतेपद मिळवणारी ती शेवटची गाडी ठरली.

आणि मग डेल्टा एस४. हिच्याजवळ मी जास्त वेळ उभा राहिलो, आणि मन जड झालं. १७५९ सीसीचं इंजिन, त्याला हवा दाबून भरणारी दोन वेगवेगळी यंत्रं, ताकद साडेचारशे अश्वशक्तीच्या वर, अंगावर हलक्या कृत्रिम धाग्यांचं कवच, आणि पेट्रोलच्या टाक्या बसायच्या जागेखाली. २ मे १९८६ रोजी कॉर्सिका बेटावरच्या रॅलीत हेन्री तोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सेर्जिओ क्रेस्टो यांची एस४ डाव्या वळणावर कठडा नसलेल्या कडेवरून खाली गेली आणि पेटली. दोघेही गेले. तोइव्होनेन अवघा २९ वर्षांचा होता. बरोबर एक वर्ष आधी, २ मे १९८५ ला, त्याच रॅलीत आत्तिलिओ बेत्तेगा ०३७ चालवताना गेला होता. तोइव्होनेनच्या अपघातानंतर त्या जातीच्या गाड्यांवर बंदी आली. वेगाचं कौतुक मलाही आहे. पण ज्या डोंगरात माणसाला उभं राहायला जागा नाही तिथे इतकी ताकद सोडणं चूकच होतं, आणि ती चूक सुधारायला बळी जावे लागले याचं दुःख त्या गाडीच्या चकाकीने झाकलं जात नाही.

बंदीनंतर नियम बदलला. रॅलीत उतरायचं तर तशा किमान पाच हजार गाड्या बनवून लोकांना विकलेल्या असल्या पाहिजेत. लान्सियाने काय केलं? जुजारोने काढलेली, १९७९ पासून बाजारात असलेली, चार माणसं आणि त्यांचं सामान नेणारी डेल्टा घेतली, तिला चारही चाकांचा जोर दिला, आणि १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षं विजेतेपद घरात ठेवलं. या सगळ्या इतिहासातली मला सगळ्यात पटणारी गोष्ट हीच. खास शर्यतीसाठी घडवलेल्या एस४ ने माणसं गमावली आणि मुलांना शाळेत सोडणाऱ्या डेल्टाने विक्रम केला.

भाचीला मी म्हटलं ते एवढंच, की आमच्याकडे अशी एक गाडी होती.

ती होती आमच्या डॉक्टरकाकांची फियाट. भोरमध्ये दवाखाना, पण बोलावणं यायचं ते पार वेल्ह्याकडच्या आणि वरंधच्या वाटेवरच्या गावांतून. फिकट निळी, पुढे सलग बैठकीची, हँडलवरच्या गिअरची. मी तेव्हा शाळेत होतो आणि सुट्टीत काकांच्या शेजारी बसून जायला मिळावं म्हणून धडपडायचो.

मे महिन्यात वरंध चढताना ती तापायची. वाघजाईच्या अलीकडच्या चढावर आधी एक झटका द्यायची, मग दुसरा, आणि मग गपकन बंद पडायची. काका शांतपणे उतरायचे, बॉनेट उघडायचे. एसी पंपात पेट्रोलची वाफ अडकलेली असायची. एसी पंप म्हणजे इंजिनच्या अंगाला बसवलेला, पेट्रोल टाकीतून ओढून वर देणारा छोटा पंप. इंजिनच्या धगीने त्यातलं पेट्रोल उकळलं की पंप नुसतीच वाफ हलवत बसतो. काकांच्या गाडीत यासाठी एक जुनी सुती पट्टी आणि पाण्याची किटली कायम असायची. पट्टी भिजवून पंपाभोवती गुंडाळायची, वर पाणी थेंब थेंब सोडायचं आणि वाट पाहायची. घाई केली तर बॅटरी उतरते. माकडं कठड्यावर येऊन बसायची. काही वेळाने काका सेल्फ मारायचे, आणि ती सुरू झाली की पट्टी तशीच ठेवून आम्ही वर वाघजाईच्या देवळापाशी जाऊन भजी खायचो.

पावसाळ्यातली फियाट वेगळी. वेल्ह्याच्या पावसाला खंड नसतो. वायपर अपुरा पडायचा, म्हणून निघताना काका पुढच्या काचेवर चिमूटभर तंबाखू चोळायचे. पाणी मग काचेवर थांबत नाही, सरकून जातं. ओढ्याचं पाणी चाकांत गेलं की ब्रेक धरत नसत. पलीकडे निघाल्यावर काका चालत्या गाडीत ब्रेकवर हलका पाय ठेवून तसंच काही अंतर नेत, म्हणजे आतले पट्टे घासून कोरडे होत. आणि उतारावर एकच नियम: ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून घाट उतरणाऱ्यांवर ते मनापासून चिडत.

एका रात्रीची गोष्ट मला अजून लख्ख आठवते. वेल्ह्याच्या पलीकडच्या एका वस्तीवरून अडलेली बाई आणायची होती. येताना मागच्या सीटवर ती, तिची सासू आणि एक शेजारीण. धुकं असं की दिव्यांचा उजेड पुढे जाण्याऐवजी आपल्यावरच परत येत होता. काकांनी मला खिडकी उघडून डोकं बाहेर काढायला सांगितलं. हातात बॅटरी. रस्त्याची कडा दिसते का, दरड आली आहे का, पाण्याखाली खड्डा आहे का, हे मी ओरडून सांगायचं. "कडा जवळ आली, काका." "थोडं उजवीकडे." "आता सरळ आहे." मागून सासूबाई देवाचं नाव घेत होत्या. आम्ही नसरापूरच्या फाट्यापर्यंत पोचलो तेव्हा माझा आवाज बसला होता. बाळ भोरच्या दवाखान्यात सुखरूप झालं. त्या प्रवासाची वेळ कुणी मोजली नव्हती. मोजायला हवी होती असंही मला वाटत नाही. पण सहचालकाचं काम काय असतं ते मी त्या रात्री केलं आहे, आणि म्हणून तुरिनमधल्या त्या गाड्यांच्या डाव्या-उजव्या दोन्ही बैठकांकडे मी सारख्याच आदराने पाहत होतो.

आता या फियाटचं गोत्र सांगितलं पाहिजे, कारण ते मिराफियोरीशीच जाऊन भिडतं. दांते जाकोसा या अभियंत्याच्या हाताखाली तयार झालेली फियाट ११०० ही गाडी १९५३ साली नव्या रूपात आली. इंजिन १०८९ सीसीचं. तिच्याच जास्त वेगवान भावंडाने ब्रेशिया ते रोम आणि परत अशा हजार मैलांच्या मिल्ले मिल्या शर्यतीत भाग घेतला होता. म्हणजे आमच्या डॉक्टरकाकांच्या गाडीच्या रक्तात शर्यत होतीच. ती आपल्याकडे आणली वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने. सोलापूरला १८८२ साली जन्मलेला हा माणूस. जहाजं, विमानं, साखर, बांधकाम, जिथे आपल्या देशाचं स्वतःचं काही नाही असं दिसलं तिथे त्यांनी हात घातला. आमच्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, वालचंदनगर त्यांच्या नावाने उभं आहे. प्रीमियरची स्थापना १९४४ ची, कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या निघायला लागल्या. आधी अमेरिकन डॉज, मग इटालियन फियाट. १९६० च्या दशकाच्या मध्यावर डिलाइट आली, १९७० च्या दशकात तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. इटलीने ११०० बनवणं १९६९ च्या सुमारास थांबवलं. कुर्ल्याने पुढे जवळजवळ तीस वर्षं ती बनवली.

हा काळ मागासलेपणाचा म्हणून हिणवला जातो. नोंदणी करून वर्षानुवर्षं थांबावं लागे, मॉडेल बदलत नसे, हे सगळं खरं आहे. पण त्याची दुसरी बाजू मी आमच्या तालुक्यात पाहिली. एकच गाडी इतकी वर्षं राहिल्यामुळे भोरच्या मेकॅनिकला ती अंतर्बाह्य पाठ झाली. बॉनेटवर हात ठेवून, डोळे मिटून, तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काम करत नाही असं सांगणारा माणूस आमच्याकडे होता. शिकला होता सातवीपर्यंत. कॉइल, पॉइंट, कार्बोरेटर, मागचे पाटे, सगळं त्याने हाताने सोडवून शिकलेलं. आज आमच्या भागातली मुलं शिरवळच्या आणि खेड-शिवापूरच्या कारखान्यांत यंत्रांवर सहज हात चालवतात. त्या हातांची पहिली शाळा अशा गॅरेजांत होती, असं मी मानतो.

तुरिनशी आमच्या जिल्ह्याचं नातं नंतरही टिकलं. पद्मिनीमागून आलेली ११८ एनई ही १९६६ च्या फियाट १२४ च्या घराण्यातली, इंजिन मात्र निसानचं. त्याच १२४ च्या स्पायडरने १९७२ साली युरोपचं रॅली विजेतेपद मिळवलं होतं. शिरूर तालुक्यात रांजणगावला फियाटचा कारखाना आला आणि २०१५ मध्ये तिथून विंचवाचं चिन्ह मिरवणारी अबार्थ पुंटो बाहेर पडली. कार्लो अबार्थने १९४९ मध्ये आपल्या राशीवरून घेतलेला हा विंचू पुणे जिल्ह्यात तयार झालेल्या गाडीवर बसला, याचा मला अभिमान वाटतो.

मिराफियोरीहून आम्ही लिंगोत्तोला गेलो. फियाटचा हा त्याआधीचा कारखाना, १९२३ मध्ये उघडलेला. पाच मजले. खालच्या मजल्यावर कच्चा माल शिरायचा, मजल्यामजल्याने गाडी जुळत वर चढायची आणि तयार होऊन थेट गच्चीवर निघायची. गच्चीवर चाचणीचा रस्ता, दोन्ही टोकांना कललेली वळणं. १९८२ साली काम थांबलं, पण तुरिनने इमारत पाडली नाही. आता वर झाडं लावली आहेत आणि लोक त्या कललेल्या वळणावरून चालतात. भाची पुढे चालत होती आणि मला कुर्ला आठवत होतं. तिथे प्रीमियरच्या जागेवर आज कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत. लोकांना घरं लागतात हे मला मान्य आहे. तरीही, ज्या जागेतून एका अख्ख्या देशाची मध्यमवर्गीय गाडी बाहेर पडली तिथे एखादी शेड, एखादं दालन राखायला हवं होतं. कोईमतूरला जीडी कार म्युझियम आहे, हरयाणात तावडूला हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे. गाड्या बनवणाऱ्या महाराष्ट्राने आपल्या फियाटसाठी असं मोठं दालन उभारलं पाहिजे. आणि ते मला विचाराल तर घाटाच्या पायथ्याशी, भोरसारख्या गावात हवं. संग्रहालयातल्या गाड्यांना एक खोड असते, त्या फार पुसलेल्या असतात. आमच्या दालनातल्या फियाटच्या पंपाला ती ओली पट्टी गुंडाळलेली दिसली पाहिजे आणि चाकांच्या कमानीत वेल्ह्याचा तांबडा चिखल राहिला पाहिजे.

डॉक्टरकाका गेले. त्यांची फियाट त्याआधीच विकली गेली होती. मुंबईत २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले आणि विषय संपला. पण भोर, नसरापूर, वेल्हे या भागात अजून एखाद्या वाड्याच्या पडवीत, भाताच्या पेंढ्याशेजारी, ताडपत्रीखाली एखादी फियाट उभी आहे. माझ्या माहितीत आहेत.

ज्यांच्या दारात ती असेल त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: ती भंगारवाल्याला देऊ नका. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीची सोय केली आहे. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला ती गाडी चालत नाही, पण प्रदर्शनाला आणि व्हिंटेज रॅलीला नेता येते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या फियाट आता त्या वयाच्या झाल्या आहेत. आरसी बुक शोधून ठेवा, इंजिन आणि चेसिस नंबर त्याच्याशी ताडून पाहा, टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. आणि तुमच्या गावात फियाटवर हात चालवलेला जुना मेकॅनिक असेल तर या आठवड्यातच त्याच्याकडे जा, त्याला बोलतं करा आणि तो सांगेल ते लिहून घ्या.